वक्राची जोडीदार रेषा

xz = y² आणि z = xy ही दोन समीकरणे घ्या. पहिल्यात z ची किंमत घातली की x²y = y² मिळते; म्हणजे y = 0 किंवा y = x². त्यामुळे हे दोन पृष्ठभाग दोन ठिकाणी एकत्र येतात: (t, t², t³) हा पिळदार घन-वक्र आणि सरळ x-अक्ष. वक्राची घात 3, रेषेची 1, बेरीज 4. या दोघांना परस्परांशी ‘लिंक्ड’ म्हणतात. फायदा उघड आहे: अवघड वक्राचे काही गुणधर्म साध्या रेषेवरून कळतात. पेस्किन आणि झ्पिरो यांनी 1974 साली या कल्पनेला आधुनिक बीजगणिताची भक्कम बैठक दिली.

2004 मध्ये मार्त्सिंकोव्स्की आणि स्ट्रूकर यांनी हीच कल्पना मॉड्यूलवर नेली. मॉड्यूल म्हणजे सदिश अवकाशासारखीच रचना, फक्त गुणक रिंगमधले, म्हणून भागाकाराची हमी नाही. मॉड्यूलचे जनक आणि त्यांच्यातले संबंध मॅट्रिक्समध्ये मांडायचे, मॅट्रिक्स आडवी-उभी फिरवायची, तिच्यापासून मिळणाऱ्या नव्या मॉड्यूलच्या जनकांमधले संबंध घ्यायचे. हीच कृती पुन्हा केल्यावर मूळ मॉड्यूल परत मिळाले, तर ते लिंक्ड. भूमिती इथे दिसेनाशी होते, पण व्याख्या मला जास्त नेटकी वाटते. प्रत्येक मॉड्यूल मात्र या कसोटीला उतरत नाही.