शारदा सदन ते स्वाधार

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखची गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग केशवपन आणि सासरचं राबणं. भाऊ नरहरपंतांनी तिला मुंबईला आणलं तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती. त्या काळाच्या हिशेबानं तिचं आयुष्य संपल्यातच जमा होतं.

सदनानं तिला शिकवलं, पण त्याआधी राहायला जागा दिली आणि दोन वेळचं जेवण दिलं. रमाबाईंच्या कामाचं मर्म मला इथंच दिसतं. अमेरिकेत १८८७ साली बॉस्टनला त्यांच्या नावानं मंडळ स्थापन झालं आणि त्यानं दहा वर्षांचा खर्च उचलायचं कबूल केलं. सभासद वर्षाला एकेक डॉलर देत. त्या डॉलरमधून पाटी-पुस्तकं आली, तसंच धान्य, अंथरूण-पांघरूण आणि घरभाडंही निघालं. विधवेच्या वाट्याला सासरी आणि माहेरी येणारा प्रत्येक घास उपकाराचा असे. तो उपकार संपल्याशिवाय पुस्तकात मन लागणार नाही, हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्या स्वतः विधवा होत्या आणि दुष्काळात आई-वडील गमावून अनवाणी भारतभर हिंडल्या होत्या.

पैसा होता, तरी मुलींच्या हाती निर्णय नव्हता. सदन पुण्याला हलल्यावर १८९३ साली मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. त्यांतल्या कितीतरी जणींचं शिक्षण अर्ध्यावर राहिलं असेल, याची हळहळ आजही वाटते. गोदूबाई त्याआधीच आपल्या पायांवर उभी राहिली होती. त्याच साली, सदनाच्या वाढदिवशीच, तिनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. तीच पुढची आनंदीबाई, सगळ्यांची बाया कर्वे.

कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. प्लेगच्या दिवसांत आश्रम पुण्याबाहेर हलवणं भाग पडलं, तेव्हा रावबहादुर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तिथं आश्रम सुरू झाला. फर्ग्युसन कॉलेजातले शिकवण्याचे तास संपले की कर्वे पायी हिंगण्याला जात. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात लहान मुलगा. त्या इथंच शिकल्या, इथंच कामाला लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. पुढे अमेरिकेत जाऊन लोकांच्या घरी काम करत त्यांनी संस्थेसाठी पैसे उभे केले. ज्या पैशावर आपण शिकलो तो पुढच्या मुलीसाठी पुन्हा गोळा करायचा, असा हा व्यवहार होता. कुठल्याही शिष्यवृत्तीच्या नियमावलीत तो लिहिलेला नसतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

१९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथल्या मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. परजातीच्या रुग्णाला हात लावणार म्हणून पांढरपेशा घरांतून विरोध झाला. पण शिक्षिका आणि नर्स ही कामं अशी होती की शिकून झाल्याबरोबर पगार हातात पडे. तो पगार आला की मुलीला भावाच्या दाराशी परत जावं लागत नसे.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं मुलींच्या शिक्षणाचा भार अंगावर घेतला. पहिली ते चौथीच्या दुर्बल घटकांतल्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. मागास प्रवर्गांतल्या मुलींसाठी पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आली. पाचवी ते सातवीला महिना साठ रुपये आणि आठवी ते दहावीला शंभर मिळत. रक्कम क्षुल्लक वाटेल; पण ऊसतोडीला निघालेल्या आईला मुलीला मागे ठेवण्यासाठी एक कारण त्यातून मिळत होतं. जुलै २०२४च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. हे पाऊल मोठंच आहे.

पण राहायचं कुठं आणि खायचं काय, हा पंडिता रमाबाईंनी आधी सोडवलेला प्रश्न त्यात सुटत नाही. त्याचं उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत सापडतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला साठ हजार रुपये मिळतात आणि त्यांतला मोठा वाटा भोजनाचा आहे. इतर प्रवर्गांसाठीही अशा योजना निघाल्या. नवऱ्यानं टाकलेल्या, बावीस-तेवीस वर्षांच्या, कडेवर मूल असलेल्या मुलीला मात्र या योजनांच्या अटी पार करणं जड जातं. मागच्या परीक्षेचे टक्के हवेत. शिक्षणात खंड असेल तर प्रतिज्ञापत्र हवं. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर कागद सासरी अडकलेले असतात. वसतिगृहात मुलासकट कुणी घेत नाही. बाया आणि पार्वतीबाई आज आल्या असत्या तर खिडकीवर त्यांनाही हेच विचारलं गेलं असतं.

परित्यक्ता आणि विधवा मुलींसाठी वेगळी नोंद, स्वयंघोषणेवर उत्पन्नाचा दाखला, खंडाची अट शिथिल आणि मुलासह राहता येईल अशा काही खोल्या, एवढं तरी जिल्ह्याच्या प्रत्येक शासकीय वसतिगृहाशी जोडता येईल. हिंगण्याची सुरुवात एका झोपडीनं झाली होती; आज जिल्ह्याजिल्ह्यांत पक्क्या इमारती उभ्या आहेत.