नंबर येणार नसेल, तर कशाला?

सोलापुरात युवा महोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: "अंगात कला असेल त्यानं स्टेजवर जावं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात." पालक म्हणतात, प्राध्यापक म्हणतात. सगळ्यात वाईट म्हणजे मुलं स्वतःबद्दलही तेच म्हणतात, "सर, माझा आवाज नाही."

हा गैरसमज आता पुरे झाला. बक्षिसासाठी तयारीचा गळा लागतो, हे खरं. मन हलकं व्हायला तो लागत नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंग आणि कोलाजचं सामान हाताळायला दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते घटलं. पूर्वी चित्रकला केलेली असो वा नसो, निकालात फरक नव्हता. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ३ हजारांहून अधिक अभ्यास तपासले, तेव्हाही कलेतला सहभाग आरोग्याला पोषक असल्याचंच दिसलं.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. महोत्सवाच्या समूहगीतात गायक सहाच. हजारो विद्यार्थ्यांच्या कॉलेजातून सहा निवडले की हॉलचं दार बंद. सातवा मुलगा दाराशी उभा राहून मांडीवर ठेका धरतो आणि थोड्या वेळानं हॉस्टेलवर निघून जातो. घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी तेलुगू, कुणी मराठी. अशा या शहरात अनोळखी मुलांना जोडायला एकत्र गाण्याइतकं सोपं साधन दुसरं कोणतं? ब्रिटनमध्ये प्रौढांच्या वर्गांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाण्याच्या वर्गातली माणसं हस्तकला किंवा लेखनाच्या वर्गांपेक्षा लवकर जवळ आली. तिथं नंबर काढायचा नव्हता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"अभ्यास बुडतो." नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या सहअभ्यासक्रमात सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक आहेत. सोलापुरात शाळा शिकलेले जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञही झाले आणि १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल'ही त्यांनीच बसवलं.

"संगीतानं बुद्धी वाढते." 'मोझार्ट परिणाम' म्हणून गाजलेल्या १९९३ च्या प्रयोगातला फायदा जेमतेम १०-१५ मिनिटं टिकला. मार्कांच्या आशेनं गाऊ नका.

"मनातलं लिहिलं की लगेच बरं वाटतं." पेनबेकर आणि बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात दुखरे अनुभव भावनांसह लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहून झाल्यावर आधी वाईटच वाटलं, पुढच्या सहा महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

"कला असली की डॉक्टर कशाला?" हा गैरसमज धोक्याचा. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. कला सोबत करते, उपचारांची जागा घेत नाही.

कॉलेजांना एकच विनंती: महोत्सव संपला की हॉलला कुलूप लावू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ तो सगळ्यांसाठी उघडा ठेवा, परीक्षक न बोलावता. दाराशी उभ्या असलेल्या त्या सातव्या मुलाला आधी आत घ्या.