चौक्याच्या घाटात ऐकलेला आवाज

पिकअप गॅरेजच्या दारात थांबली तेव्हा हौद्यात अद्रकाची ओली माती तशीच होती. जाधववाडीच्या बाजारात माल उतरवून चालक थेट इकडे आला होता. "मिस्त्री, डिफरन्शिअल गेलं. मागून रडतंय," एवढं सांगून तो बाकड्यावर टेकला. मिस्त्रींनी गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. बोळ्याला हात पुसले, चालकाला पुन्हा स्टिअरिंगवर बसवलं, मला मध्ये घेतलं आणि स्वतः खिडकीशी बसले. "आता बोलायचं नाही. गाणीबी बंद."

हर्सूल मागे पडलं, सावंगी गेली आणि चौक्याचा घाट लागला. घाट काही मोठा नाही, पण छत्रपती संभाजीनगराजवळ गाडीचा आवाज ओळखायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. चढाला इंजिन चाकांना ढकलतं. उताराला पेडलवरून पाय काढला की चाकं इंजिनाला ओढू लागतात. डिफरन्शिअलमधल्या प्रत्येक दाताला दोन अंगं असतात, चढाला एक अंग दाबलं जातं, उताराला दुसरं. आवाज फक्त चढाला येत असेल किंवा फक्त उताराला येत असेल, तर संशय दातांवर. दोन्हीकडे सारखाच येत असेल तर बेअरिंगवर.

मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत तुकड्यावर गाडी गेली तेव्हा त्यांनी मान तिरकी केली. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो, डिफरन्शिअलचा बदलत नाही. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करायला लावलं. आवाज गेला नाही, म्हणजे इंजिन सुटलं. डावीउजवीकडे हलकं वळवून पाहिलं. चाकाचं बेअरिंग गेलं असतं तर भार ज्या बाजूला पडतो तिकडे ते जास्त घुमलं असतं. तेही नाही. गिअर टाकताना किंवा पाय सोडताना 'टक्' असा ठोकाही नव्हता, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस ठीक. उरला तो एकच बारीक, सलग सूर, चढाला आणि उताराला सारखा.

"हे क्राऊनचं रडणं न्हाई," ते परत येताना म्हणाले. "टेल पिनियनचं बेअरिंग हाये."

इतकं नेमकं कसं कळलं, याचं उत्तर साध्या गणितात आहे. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा लहान गिअर म्हणजे पिनियन, तो ज्या मोठ्या चक्राला फिरवतो ते क्राऊन. पिनियनला 10 आणि क्राऊनला 41 दात असतील तर चाकाच्या एका फेरीत पिनियन चारांहून अधिक फेऱ्या मारतो. ताशी 60 किलोमीटरला चाक मिनिटाला पावणेपाचशे वेळा फिरत असेल, तर पिनियन जवळपास 1,950 वेळा. म्हणून क्राऊनच्या बाजूची बेअरिंगं घुमतात जाड आवाजात आणि पिनियनची बारीक.

डिफरन्शिअल मुळात आलं कशासाठी, ते आपल्याकडे बैलगाडीवरून चटकन समजतं. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर आपापली सुटी फिरतात, ओढायचं काम बैलांचं. वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. दोन चाकांत 1.4 मीटर अंतर असलं, तर एका पूर्ण वळशात बाहेरच्या चाकाला सुमारे 9 मीटर जास्त कापावे लागतात, वळसा लहान असो की मोठा. पण इंजिनाने चाकंच फिरवायची म्हटली की दोन्हींना जोर हवा आणि दोन्हींना मोकळीकही हवी. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर याने 1828 साली वाफेच्या गाडीसाठी या कोड्याच्या उत्तराचं पेटंट घेतलं. पुढे 1920च्या दशकात अमेरिकेत पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवण्याची हायपॉइड रचना मोटारीत आली. प्रोपेलर शाफ्ट खाली गेला आणि पिनियन जाड, दणकट झाला, पण दात एकमेकांवर नुसते न लोळता घसरू लागले. ती घसरण साधं तेल सोसू शकत नाही. गॅरेजात ज्याला 'नव्वद नंबर' म्हणतात, त्या तेलातला गंधकाचा उग्र वास त्यासाठीच्या मसाल्याचा असतो.

गॅरेजात परतून हौसिंगचा नट काढला तेव्हा तो वास आला, पण तेल निम्मंही नव्हतं. पिनियनच्या सीलभोवती चिकट काळी माती. मिस्त्रींनी सीलला दोष दिला नाही. ते एक्सलच्या वर बोट फिरवत गेले आणि ब्रेदरची बोटभर टोपी काढून माझ्या तळहातावर ठेवली. वाळलेल्या चिखलानं ती पूर्ण बुजली होती. गाडी तापली की आतली हवा फुगते. तिला वर वाट मिळाली नाही तर ती सीलमधून तेल ढकलत बाहेर पडते. अद्रक शेतातून काढायचं म्हणजे गाडी चिखलात घालावीच लागते. फुलंब्री, खुलताबाद, कन्नड भागातल्या पिकअपचं अर्धं आयुष्य असंच जातं.

दात त्यांनी टॉर्चने एकेक पाहिले. सगळे शाबूत. या क्राऊन आणि पिनियनवर एकच नंबर कोरलेला होता. ही जोडी एकमेकांवर घासूनच तयार होते आणि बदलली तर दोन्ही बदलावी लागते. चालक तीच बदलायच्या तयारीने आला होता. घाईच्या गॅरेजात ती बदलली गेली असती, नव्या सीलसकट, आणि ब्रेदर बुजलेलाच राहिला असता. पावसाळ्यानंतर तोच आवाज परत. मला या माणसाच्या कामाबद्दल आदर वाटतो तो इथे.

खरी कसोटी पुढे होती. नवीन बेअरिंग बसवलं की पिनियन केसभर पुढेमागे होतो आणि चांगले दातही रडायला लागतात. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली आला, भोवती सुट्या भागांचे कारखाने वाढले आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलणारे हात शहरात तयार झाले. मिस्त्रींनी चार वर्षं तिथल्याच एका कारखान्यात गिअर तपासले आहेत. डायल गेज त्यांनी फडक्यातून असा काढला जसा एखादा वादक वाद्य काढतो. क्राऊन हाताने हलवला, काटा पंधरा शतांशांवर गेला. दातांमधला 'प्ले' योग्य. पिनियनचा नट आवळताना दर पाव फेरीला ते थांबत होते. आतली नळी दबत जाऊन बेअरिंगवर ठरावीक ताण आणते. जास्त आवळलं तर नट सैल करून भागत नाही, नळीच नवी लागते. ताण मोजायला पिनियनला दोरी गुंडाळून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढायची. हे तीनदा झालं.

मग शेंदूर. तेलात कालवून तो पाचसहा दातांवर पातळ लावला आणि क्राऊन हाताने रोखत पिनियन फिरवला. शिशाचा असतो म्हणून त्यांनी आधी हातमोजे चढवले होते. दातावर जिथे दाब येतो तिथला शेंदूर पुसला जाऊन ठसा उमटतो. तो पहिल्यांदा दाताच्या टोकाकडे आला. म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब. सगळं पुन्हा खोललं, पिनियनमागची चकती, म्हणजे शिम, किंचित जाड घातली, नवी नळी, पुन्हा नट, पुन्हा दोरी. दुसऱ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध, बदामासारखा बसला. मिस्त्रींनी चालकाला हाक मारली. "ये, बघ तुझ्या गाडीचं." तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

नवं सील, नव्वद नंबर तेल, धुतलेला ब्रेदर. दिवेलागणीला आम्ही तिघं पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. चढ संपला. माथ्यावर गाडी वळवली आणि उताराला चालकाने पाय काढला. मागे फाळक्याची साखळी तेवढी वाजत होती.