यादी उघडताच सॉफ्टवेअर का गोठते?

२०११च्या जनगणनेनुसार मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. एवढ्या नोंदी डेस्कटॉप सॉफ्टवेअरने एका यादीत एकदम भरायला घेतल्या, तर माउसही दाद देत नाही.

• वेळ : ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात.

• गोठणे : विंडोने सुमारे ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही, की विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दाखवते.

• मर्यादा : विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारणपणे १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट (फॉन्ट, ब्रशसारखी स्क्रीनवर चित्र रेखाटण्याची साधने) वापरता येतात. वापरलेले परत न सोडल्यास बटणे, चिन्हे उमटेनाशी होतात.

• उपाय : दिसणाऱ्या ओळीच भराव्यात, जड काम वेगळ्या थ्रेडवर न्यावे.

चाचणी दहा नमुना नोंदींवर नव्हे, शहराएवढ्या यादीवर घ्या; पालिकेच्या सेवा-खिडकीसमोर थांबलेल्या नागरिकाचा वेळ वाचेल.