मेल येतो, पण जात का नाही?

कॉलेजच्या नेटवर थंडरबर्डमधून बिनबोभाट जाणारा मेल घरच्या ब्रॉडबँडवर आउटबॉक्समध्येच अडकतो. नेमकी फेलोशिपच्या अर्जाची शेवटची तारीख असते! अशा वेळी सगळी सेटिंग्ज उलटीपालटी करू नका, आधी एरर वाचा.

‘टाइम्ड आउट’ आलं, तर बहुधा पोर्ट २५ बंद आहे. स्पॅम रोखायला बरेच इंटरनेट पुरवठादार तो अडवतात. मेल आणणारा पोर्ट वेगळा, म्हणून येणारे मेल चालू राहतात. आउटगोइंग सर्व्हरसाठी पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस निवडा.

‘रिले डिनाइड’ आलं, तर सर्व्हर तुम्हाला बाहेरचा समजतोय. तिथेच युजरनेम-पासवर्डचं ऑथेंटिकेशन चालू करा.

एवढाही वेळ नसेल, तर ब्राउझरमधून वेबमेलने पाठवा. ‘सेंट’मध्ये मेल दिसल्यावरच उठा.