कुत्र्यांमधील कंप

कंप म्हणजे शरीराच्या एखाद्या भागाची किंवा संपूर्ण शरीराची अनैच्छिक, लयबद्ध थरथर होय. कुत्र्यांमध्ये कंप हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. थंडी, भीती व वेदना यांमुळेही कुत्रे थरथरते. मात्र उघड कारणाशिवाय थरथर टिकून राहिल्यास पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

कारणे

रक्तातील साखर किंवा कॅल्शियम घटल्यास कंप सुटतो. पहिल्याचा धोका लहान पिलांना, तर दुसऱ्याचा पिलांना पाजणाऱ्या कुत्रीला अधिक असतो. चॉकलेटमधील थिओब्रोमिन व ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके यांच्या विषबाधेतही कंप दिसतो. नवी मुंबईसारख्या उष्ण व दमट शहरांत गोचीडनाशकांची वारंवार गरज भासते. त्यामुळे अशा औषधाचे नाव, मात्रा व वापरल्याची वेळ यांची माहिती महत्त्वाची ठरते. डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगातून वाचलेल्या कुत्र्यांत स्नायूंचे झटके दीर्घकाळ राहू शकतात.

निदान

कंप सुटला असता कुत्रे सहसा शुद्धीवर असते. सर्वांगाला आकडी आल्यास मात्र बहुधा शुद्ध हरपते. हा भेद ओळखण्यास प्रसंगाचे मोबाइलवरील चित्रण उपयोगी पडते. त्यानंतर रक्तातील साखर, कॅल्शियम, यकृत व मूत्रपिंड यांच्या चाचण्या करतात. त्यांत कारण न आढळल्यास एमआरआय व मस्तिष्कमेरुद्रवाची तपासणी केली जाते. स्टेरॉइडला प्रतिसाद देणाऱ्या कंपाचे निदान इतर कारणे वगळल्यानंतरच होते. विषबाधेचा संशय असल्यास चाचण्यांच्या निष्कर्षांची वाट न पाहता तातडीने उपचार सुरू करतात.