कारखान्याची गिटार आणि अर्धा मिलिमीटर

भिलाईत ‘कारखान्यात बनलेलं’ या शब्दांना कमीपणा कधीच चिकटला नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून देशातल्या रेल्वेचा मोठा भार या गावात लाटलेल्या रुळांवरून धावतो आहे. मीटरला साठ किलो वजनाचा रूळ, जोडून केलेली २६० मीटरची अखंड लांबी, आणि आत कुठे केसाएवढी भेग नाही ना हे तपासणाऱ्या ध्वनिलहरी, या सगळ्याचा इथल्या माणसाला रास्त अभिमान आहे. तो रूळ कोणत्या कारागिराने घडवला, असं कुणी विचारत नाही. पण याच टाउनशिपच्या एखाद्या सेक्टरमध्ये मुलासाठी गिटार घ्यायची वेळ आली, की मोजमाप बदलतं. ‘कारखान्याचा माल, आवाज मेलेलाच असणार’ हे वाक्य जाणकार म्हणवणारे सहज बोलून जातात, आणि हाताने घडवलेल्या वाद्यातच जीव असतो हे गृहीत धरलं जातं. हे गृहीतक तपासायला हवं. कारखान्याच्या गिटारला स्वतःचा नाद असतो, स्वतःचा स्वभाव असतो. तिचा आवाज जिथे दबतो तिथे दोष यंत्राकडे जात नाही. वाद्य कुणाच्या हाती, कोणत्या हवेत जाणार हे ठाऊक नसल्यामुळे कारखाना जी सावध मापं ठरवतो, त्यांच्याकडे तो जातो.

गिटारचा आवाज तारेतून निघत असला, तरी हवेत पोचतो तो लाकडातून. नुसती तार फारच थोडी हवा हलवते. तिचं कंपन सॅडलमधून ब्रिजमध्ये आणि ब्रिजमधून वरच्या फळीत उतरतं. तंबोऱ्यात जिला तबली म्हणतात तीच ही फळी, बहुतेक वेळा स्प्रूसची. ती थरथरते, पोटातली हवा मधल्या भोकातून आतबाहेर होते, आणि खर्जाचा भरणा या हवेच्या घुमण्यातून येतो. मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये ही हवा सेकंदाला साधारण शंभर कंपनांच्या आसपास घुमते, तर फळीचं स्वतःचं मुख्य कंपन दोनशेच्या जवळपास असतं. आता या फळीची जाडी पाहा. चांगल्या गिटारमध्ये ती अडीच-तीन मिलिमीटर असते. कोणत्याही फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अडीचऐवजी तीन मिलिमीटर जाडी ठेवली, तर वजन वीस टक्के वाढेल, पण ताठपणा पावणेदोन पटीच्या घरात जाईल. त्या अर्ध्या मिलिमीटरने फळीला हलवणं तारेला जड जातं. आवाज लहान होतो, खर्ज आटतो, आणि सुराची आस, म्हणजे छेडल्यानंतर मागे रेंगाळणारा नाद, वेगळ्याच वळणाने जाते. फळीच्या पोटाला आतून चिकटवलेल्या पट्ट्यांचं, म्हणजे ब्रेसिंगचंही तसंच आहे. पट्टीची उंची किंचित वाढली तरी फळी मुकी होऊ लागते. ‘मेलेला आवाज’ म्हणतात त्याचं मूळ बहुधा या दोन ठिकाणी सापडतं.

मग कारखाने फळी पातळ का करत नाहीत? कारण सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोचा असतो, आणि तो दिवसरात्र, वर्षानुवर्षं ब्रिजला ओढत असतो. कारागीर वाद्य घडवतो तेव्हा त्याला गिऱ्हाईक माहीत असतं, त्याचं शहर माहीत असतं, आणि फळी फुगली तर ते वाद्य परत त्याच्याच दारात येणार असतं. इंडोनेशियात किंवा चीनमध्ये बनलेली गिटार मात्र ओस्लोलाही जाऊ शकते आणि भिलाईलाही. कोणी तिच्यावर जाड तारा चढवेल, कोणी ती बंद गाडीत उन्हात ठेवेल. या सगळ्या अनोळखी शक्यतांचा विमा कारखाना लाकडाच्या जाडीतून उतरवतो. भिलाईकरांना हे तर्कशास्त्र नवं नाही. रुळात जादा बळ असणं हाच गुण आहे, कारण रूळ तुटता कामा नये. गिटारच्या फळीचं गणित याच्या उलटं आहे. ती तुटण्याच्या जितकी जवळ, तितकी बोलकी. कारखान्याच्या गिटारचा सारा स्वभाव या ओढाताणीतून घडतो, आणि म्हणून तिला निर्जीव म्हणण्यापेक्षा भिडस्त म्हणणं अधिक न्यायाचं आहे.

यावर पहिला आक्षेप लाकडाचा येतो: स्वस्त लाकडातून मोठा नाद कसा निघेल? याचं उत्तर इतिहासातच आहे. आधुनिक स्पॅनिश गिटारला आकार देणाऱ्या आंतोनियो दे तोर्रेस यांनी १८६२ साली एक गिटार केली. तिची वरची फळी उत्तम लाकडाची होती, पण पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या. नादाचं मर्म वरच्या फळीत आहे, हे त्यांना त्यातून दाखवायचं होतं. १९९५ मध्ये अमेरिकेतले गिटारनिर्माते बॉब टेलर यांनी माल वाहण्याच्या टाकाऊ लाकडी पॅलेटमधून गिटार बनवून तोच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला. आणि २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारी तयार करवून घेतल्या. सगळ्यांचा घाट एक, वरची फळी एकाच जातीची, फक्त पाठ आणि बाजूंची लाकडं निरनिराळी: ब्राझिलियन रोझवुड, आपला भारतीय शिसम, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोड. ५२ वादकांना अंधूक खोलीत वेल्डिंगचे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडांच्या आवाजाला त्यांनी दिलेल्या गुणांत फरक नगण्य निघाला. वेल्डिंगच्या गॉगलचं मोल भिलाईला वेगळं सांगायला नको. डोळ्यांवरची झळाळी दूर केली, की कान बरंच खरं बोलतात. जाता जाता हेही नोंदवायला हवं, की ब्राझिलने आपल्या रोझवुडच्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर १९६९ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने भारतीय शिसमाकडे मोर्चा वळवला. जगातल्या कितीतरी नामवंत गिटारींची पाठ तेव्हापासून भारतातल्या जंगलातून आलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मी हलका करू इच्छित नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात. एक ताठ, दुसरी लवचीक. यंत्र दोन्ही एकाच जाडीला तासतं. कारागीर मात्र फळीवर टकटक करून ऐकतो, बोटांनी वाकवून पाहतो आणि प्रत्येकीला तिच्या वकुबाप्रमाणे पातळ करतो. आपल्याकडे याचा सर्वांत सुंदर दाखला मिरजेचा. तिथे फरीदसाहेब सतारमेकर यांच्या घराण्याने, जे मुळात शस्त्रं घडवणारे शिकलगार, एकोणिसाव्या शतकात तंबोरे करायला घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढताना कारागीर कानावरच विसंबतो, आणि ते काम कोणत्याही यंत्राला अजून जमलेलं नाही. तेव्हा उत्तम कारागिराची गिटार उत्तम कारखान्याच्या गिटारपेक्षा सरस असू शकते, हे निर्विवाद. पण इथे तुलना चुकते ती अशी, की आपण सर्वोत्तम हाताची गाठ सर्वांत स्वस्त यंत्राशी घालून देतो. मध्यम कारागिराची गिटार अनेकदा सुरातच नसते. फ्रेटच्या जागा केसभर चुकल्या, तर कितीही प्रेमाने तासलेली फळी उपयोगाची नाही. ज्या मार्टिनचं नाव घेऊन हस्तकलेची महती सांगितली जाते, ती १८३३ पासूनची कंपनी गेली कित्येक दशकं कारखानाच आहे. टेलर यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच संगणकावर चालणारी यंत्रं आणली, आणि मान व फ्रेट यांची अचूकता सामान्य वादकाच्या आवाक्यात आली. माझ्या मते कारखान्याने संगीताला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच आहे. शिकणाऱ्याच्या कानाला पहिल्या दिवसापासून खरा सूर मिळू लागला.

नादाच्या बाजूनेही कारखान्याचा पुरावा दुबळा नाही. जपानच्या हमामात्सूमधल्या यामाहाने १९६६ मध्ये ‘एफजी १८०’ आणि ‘एफजी १५०’ या गिटारी काढल्या. वरची फळी चक्क प्लायवूडची, किंमत विद्यार्थ्याला झेपेल अशी. तीनच वर्षांनी वुडस्टॉकच्या महोत्सवात कंट्री जो मॅक्डॉनल्ड याने लाखोंच्या जमावापुढे हाती धरली ती एफजी १५० होती. लाल लेबलाच्या त्या जुन्या यामाहा आज लोक शोधून शोधून घेतात. तो आवाज मार्टिनसारखा नाही, थोडा कोरडा, थोडा मध्यसप्तकात गोळा झालेला, पण गाणाऱ्याच्या गळ्याला जागा ठेवणारा. याला स्वभाव म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? भारतात कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या कंपन्यांनी होतकरूंच्या कित्येक पिढ्यांना पहिली गिटार दिली, आणि २०१९ पासून चेन्नईजवळ यामाहाचा स्वतःचा कारखाना सुरू आहे.

प्लायवूडच्या फळीला नावं ठेवताना भिलाईची हवाही लक्षात घ्यायला हवी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो आणि हवा हाडासारखी कोरडी होते. घरात कूलर लागला, की त्याच खोलीत दमटपणा भरतो. जूनअखेर पाऊस येतो आणि लाकूड पाणी पिऊ लागतं. अखंड लाकडाची फळी रेषांना आडवी फुगते आणि आकसते. हवेतली आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के असावी, ही तिची अपेक्षा. कूलरसमोर भिंतीला टांगलेली सॉलिड टॉपची गिटार दोन उन्हाळ्यांत चिरू शकते. प्लायवूडमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात चिकटवलेल्या असल्यामुळे ती फारशी हलत नाही. अखंड फळी वाजत्या हातात वर्षागणिक खुलते आणि प्लायवूडची तितकी खुलत नाही, ही वादकांची तक्रार बरोबर आहे. पण जी फळी तडकली, ती खुलणार तरी कुठून? पेटी, आर्द्रता राखणारी पुडी आणि निगा यांची तयारी असेल त्याने सॉलिड टॉप जरूर घ्यावा. ज्या घरात गिटार पलंगावर पडून राहणार आहे, तिथे प्लायवूड हा शहाणपणाचा निर्णय आहे.

खरं नुकसान होतं ते याच्याही पुढच्या टप्प्यावर, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही याची मला खंत वाटते. कारखाना गिटार जवळजवळ पूर्ण करतो आणि शेवटचा हात तसाच सोडतो. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ ठेवतो, सॅडल उंच ठेवतो, कारण तार फ्रेटवर घासून खरखरली तर माल परत येतो, उंच राहिली तर फक्त शिकणाऱ्याची बोटं सोलतात. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार फ्रेटच्या वर साधारण अडीच मिलिमीटर हवी. ती चारवर असेल, तर दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. नट उंच असेल, तर पहिल्याच फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर लागतात. पोराला वाटतं आपली बोटं कमजोर, शिक्षकाला वाटतं कान कच्चा, आणि सहा महिन्यांनी गिटार कपाटावर जाते. वास्तविक कानशीने नटच्या खाचा उतरवणं, सॅडल घासणं, मानेच्या आतल्या सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, मानेचा बाक सारखा करणं, कोरड्या हवेत बाहेर डोकावणारी फ्रेटची टोकं गुळगुळीत करणं, नव्या तारा चढवणं, हे जाणत्या माणसाचं तासा-दोन तासांचं काम आहे. त्यानंतर तीच गिटार मोकळी बोलते, कारण हलक्या हाताने छेडलेली तार दाबाखाली गुदमरत नाही. मिरजेचा कारागीर जवारीसाठी जे करतो, त्याच जातीचं हे काम आहे: वाद्य वाजवणाऱ्याच्या जवळ, त्याच्या हवेत, कानाने पुरं करणं.

भिलाईच्या पंचक्रोशीत तंतुवाद्याची परंपरा तोकडी नाही. जवळच्या गनियारीत जन्मलेल्या आणि पोलाद कारखान्याच्या नोकरीत राहिलेल्या तीजनबाईंनी हातातल्या तंबोऱ्यावर पंडवानी जगभर नेली. राजनांदगावच्या पुढे खैरागढला १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं आहे. आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात विचार करणारे फिटर, टर्नर या गावाइतके क्वचितच कुठे सापडतील. विद्यापीठाचा कान आणि आयटीआयचा हात एकत्र आणून वाद्य-जुळवणीचे कारागीर इथे घडवावेत, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. तोवर गिटार घेणाऱ्याने एवढं करावं: पाच हजारांचं बजेट असेल तर चार हजारांची गिटार घ्यावी, उरलेले हजार सेटअपसाठी राखून ठेवावेत, आणि आवाजाबद्दलचं मत त्यानंतर बनवावं.